गहाण शेतं आणि माघारी फिरण्याची वाट

गटाच्या बैठकीत कर्ज आणि व्याजाचा विषय निघाला की कोपऱ्यात बसलेलीही पुढे सरकते. आज आम्ही तुम्हाला जवळपास अडीच हजार वर्षांपूर्वीची अशीच एक हकीकत सांगणार आहोत. ती यरुशलेम शहरातली आहे आणि ज्यू लोकांच्या हिब्रू धर्मग्रंथात लिहून ठेवलेली आहे. ख्रिस्ती बायबलच्या जुन्या करारातही ती वाचायला मिळते.

आधी थोडं मागे जाऊ. इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबेलच्या राजानं यरुशलेम जिंकलं. दीर्घ वेढ्यात लोक भुकेनं हैराण झाले होते. सैन्यानं मंदिर जाळलं, शहराचा तट पाडला आणि पुष्कळ कुटुंबांना दूर बाबेलला नेलं. त्या दुःखाची पाच गीतं ‘विलापगीत’ या पुस्तकात आहेत. त्यांत उजाड शहराला एकट्या बसलेल्या विधवेचं रूप दिलं आहे.

आपल्या वाट्याला हे का आलं, असं लोक विचारू लागले. संदेष्ट्यांनी त्यांना खडसावलं, की मंदिरात बळी आणि धूप चालू होते, पण बाहेर विधवांना, अनाथांना आणि परक्यांना लुबाडलं जात होतं. मात्र एक गोष्ट इथेच सांगायला हवी. दुःख आलं म्हणजे त्या माणसानं पाप केलंच असेल, असं हा ग्रंथ म्हणत नाही. ईयोब नावाच्या सज्जन माणसाची गोष्ट त्यातच आहे. त्याची मुलं गेली, मालमत्ता गेली, आणि भेटायला आलेले मित्र त्यालाच दोष देत बसले. शेवटी देवानं त्या मित्रांनाच चूक ठरवलं. दुखावलेल्या बाईला ‘तुझंच काहीतरी चुकलं असेल’ म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर ऐकावी.

हिब्रू भाषेत पश्चात्तापासाठी जो शब्द येतो, त्याचा साधा अर्थ ‘माघारी फिरणं’ असा आहे. परक्या मुलखातून घरी परतण्यालाही तोच धातू वापरतात. म्हणजे नुसतं रडून भागत नाही, पावलं वळावी लागतात. आणि विश्वास कसा असतो, ते यिर्मयानं दाखवलं. वेढा पडलेला होता, तो स्वतः कैदेत होता, तरी त्यानं अनाथोथ या आपल्या गावातलं शेत सतरा शेकेल चांदी मोजून विकत घेतलं. साक्षीदार बोलावले, खरेदीखत केलं आणि ते मातीच्या मडक्यात जपून ठेवायला सांगितलं. इथे पुन्हा घरं आणि शेतं विकत घेतली जातील, ही त्याची खात्री होती.

तसं झालंही. इ.स.पू. ५३९मध्ये पारसाचा राजा कोरेश यानं बाबेल जिंकलं आणि लोकांना परतायची मोकळीक मिळाली. इ.स.पू. ५१५च्या सुमारास मंदिर पुन्हा उभं राहिलं. इ.स.पू. ४४५मध्ये पारसाच्या राजदरबारातला नहेम्या तट बांधायला यरुशलेमला आला. कोणी कुठला भाग बांधला याची यादीच ग्रंथात आहे. त्यात शल्लूम नावाच्या अधिकाऱ्याबरोबर त्याच्या मुलींचीही नोंद आहे. मुलींची नावं मात्र कोणी लिहिली नाहीत.

पण तट वर चढत होता आणि घरं आतून खचत होती. एके दिवशी पुरुष आणि त्यांच्या बायका ओरड करत पुढे आले. कोणी म्हणालं, खाणारी तोंडं पुष्कळ, धान्य नाही. कोणी म्हणालं, दुष्काळात शेत, द्राक्षमळा, घर गहाण पडलं. कोणी म्हणालं, राजाचा कर भरायला कर्ज काढलं. सगळ्यात मोठं दुःख हे, की पोटची मुलं गुलामीत द्यावी लागत होती, काही मुली तर आधीच गेल्या होत्या. आणि सावकार कोण? त्यांचेच भाऊबंद!

नहेम्याला राग आला. त्यानं मनाशी विचार केला, मग मोठी सभा भरवून सावकारांना सर्वांसमोर जाब विचारला. त्यांना उत्तर सुचेना. पण त्यानं स्वतःला वगळलं नाही. मी आणि माझी माणसंही पैसे आणि धान्य उसनं देत आलो आहोत, हे आता थांबवू, असं तो म्हणाला. शेतं, मळे, घरं आणि घेतलेलं व्याज परत करायचं ठरलं. नुसत्या होकारावर न थांबता त्यानं शपथ घ्यायला लावली. पुढे बारा वर्षं त्यानं सुभेदाराचा हक्काचा भत्ताही घेतला नाही. माघारी फिरणं म्हणतात ते हेच. चूक कबूल केली आणि घेतलेलं ज्याचं त्याला दिलं.

या काळाची दुसरी बाजूही आम्ही लपवणार नाही. याच पश्चात्तापाच्या नावाखाली, एज्राच्या पुस्तकात, परक्या कुळातल्या बायकांना मुलांसकट घराबाहेर काढायचं ठरलं. चूक पुरुषांनी कबूल केली, पण घर मोडलं बायकांचं. त्याच ग्रंथात रूथची गोष्ट आहे. ती परक्या मवाब देशातली विधवा. सासूची साथ न सोडता ती परमुलखात आली, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून जगली आणि दावीद राजाची पणजी झाली. दोन्ही पानं वाचावीत, म्हणजे कोणती वाट जोडते आणि कोणती तोडते ते कळतं.

ही आठवण आपल्या कोकणातही जपली गेली. तिथल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल लोकांचा परंपरेनं तेलाचा घाणा असे. शनिवारी ते काम बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. मंदिर पडल्याच्या शोकदिवसाला त्यांच्यात ‘बिरड्याचा सण’ असं नाव होतं. दूर देशातलं दुःख, आणि त्याला नाव मिळालं ते आपल्या वालाच्या बिरड्याचं!

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत दोन प्रश्नांवर बोला. आपल्या गावात कोणाचं शेत किंवा दागिना आपल्याच माणसाकडे अडकून पडला आहे का? आणि चूक झाली तेव्हा आपण नुसतं ‘चुकलं’ म्हणालो, की काही परतही केलं?