मधली चार घरं

आजोबांचा बुद्धिबळाचा पट कापडाचा होता. जाड्याभरड्या मांजरपाटावर आजीने लाल दोऱ्याने चौसष्ट घरं शिवून दिलेली. काळं-पांढरं काही नाही, सगळी घरं एका रंगाची. काही घरांत मात्र लाल फुल्या होत्या: मधल्या चार घरांत, आणि कडेच्या काही घरांत. या फुल्यांचा खेळात काही उपयोग नव्हता. प्यादं फुलीवर आलं म्हणून त्याला कोणी सोडत नसे, की हत्ती तिथे थांबत नसे. विचारलं तर आजोबा म्हणत, "पट असाच असते."

पट असाच का असतो ते मला पुढे कळलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवायला लागल्यावर. बुद्धिबळाच्या आधीपासून आपल्याकडे अष्टापद होता. आठ गुणिले आठ घरांचा तोच पट, पण त्यावर फासे टाकून सोंगट्या पळवायच्या. फुल्या त्या खेळाच्या. नंतर राजा, वजीर, हत्ती, घोडे येऊन त्याच पटावर बसले आणि जुन्या खुणा कोणी पुसल्या नाहीत. हॅरॉल्ड मरे या इंग्रज अभ्यासकाने १९१३ साली बुद्धिबळाचा जाडजूड इतिहास लिहिला, त्यात या फुल्यांचा असाच उलगडा आहे. म्हणजे आमच्या पटाचा मध्य शेकडो वर्षं खूण करून ठेवलेला होता, तोही भलत्याच खेळासाठी.

खुद्द बुद्धिबळात त्या मध्याला फारसं कोणी विचारत नव्हतं. याचं कारण देशी नियमांत आहे. आजोबा खेळत त्या खेळात प्यादं एका वेळी एकच घर चाले. कुठे राजा, वजीर आणि हत्तीपुढच्या प्याद्यांना दोन घरांची मुभा असे, तीही मागचा मोहरा जागचा हलला नसेल तरच. आमच्याकडे तेवढीही नव्हती. किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला, शह लागलेला नसेल तोवर, डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येई. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्या मोहऱ्याचं ते घर, तोच मोहरा मिळायचा. समोरच्याचा राजा एकटा उरला तर बुर्जी. तो निम्माच विजय, त्यात शान नाही. शान प्यादेमातीत. हाती हत्ती असताना त्याने मात करणाऱ्याकडे म्हातारे कीव केल्यासारखे बघत.

आणि सुरुवात? कित्येक ठिकाणी डाव सुरू होताना एकजण चार-सहा खेळ्या सलग करून घ्यायचा, आपल्या अर्ध्या पटातच. मग दुसरा तितक्याच खेळ्या करणार. दोघांची मांडणी झाली की खरी लढाई. असं असेल तर पहिल्या खेळीला मध्य बळकावण्याची घाई कोण करेल? दहा खेळ्यांत डाव संपवणं हे त्या खेळाच्या अंगातच नव्हतं. आमच्या गोंडपिपरीच्या पारावर सकाळी मांडलेला डाव जेवणाला उठून पुन्हा तसाच पुढे चालू होई. कोणी मोहरा हलवला तर त्यावरून भांडण ठरलेलं.

आपल्या जुन्या पुस्तकांचा कलही तोच. त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांचा बुद्धिबळावरचा संस्कृत ग्रंथ इंग्रजीत होऊन १८१४ साली मुंबईत छापला गेला. पेशवाई अजून चार वर्षं शिल्लक होती. त्यात भर आहे तो अखेरच्या पेचांवर: इतके मोहरे असे उभे आहेत, आता मात कशी करायची. सुरुवात कशी करावी याची चिंता त्याला नाही. युरोपात तोवर पहिल्या दहा खेळ्यांवर पुस्तकांमागून पुस्तकं निघत होती. यावरून काही लोक आपली माणसं संथ, आळशी असा निष्कर्ष काढतात. मला तो साफ चुकीचा वाटतो. ज्याचं प्यादं एकेक घर चालतं, त्याने पहिल्या दहा खेळ्यांवर ग्रंथ कशाला लिहावा?

दोन नियमांची टक्कर पाहायची तर कोलकात्याला जावं लागतं. जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश बॅरिस्टर तिथे वकिली करी आणि युरोपातल्या चांगल्या खेळाडूंत मोडे. १८४८ च्या सुमाराला त्याच्या कानावर आलं, की खेड्यात एक ब्राह्मण आहे, तो कधी हरलेला नाही. नाव महेशचंद्र बॅनर्जी. पुढे दोघे वर्षानुवर्षं खेळले. कॉक्रेनचा पिंड मध्यावर धाडधाड चालून जाण्याचा. एका डावात तर त्याने चौथ्या खेळीलाच घोडा राजासमोरच्या प्याद्यांत मारून मोडला. बदल्यात दोन प्यादी, उघडा पडलेला राजा आणि मधली घरं मोकळी. ती खेळी आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. महेशचंद्राने अशा घावांपुढे पुष्कळ डाव गमावले.

पण १८५५ चा त्यांचा एक डाव मी मुलांना नेहमी मांडून दाखवतो. कॉक्रेन पांढरा. त्याने वजिरापुढचं आणि उंटापुढचं प्यादं दोन-दोन घरं पुढे टाकलं. महेशचंद्राने मधे काहीच ठेवलं नाही. घोडा काढला, घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवलं, त्या जागी उंट आणून बसवला. तो उंट कोपऱ्यातून तिरका सरळ मधल्या घरांवर रोखलेला. वजिराचं प्यादंही मधे घातलं, मोहऱ्यांची मारामारी होऊ दिली, कॉक्रेनला मध्यात प्यादी जमवू दिली, आणि आठव्या खेळीला बाजूच्या प्याद्याने त्या जमावाला टोचलं. डाव शेवटी कॉक्रेननेच जिंकला, पण मांडणी महेशचंद्राची. व्हिएन्नाच्या ग्रुनफेल्डने हीच मांडणी १९२२ साली खेळली आणि तिला ग्रुनफेल्डचं नाव लागलं. एकेक घर चालणाऱ्या खेळात वाढलेल्या माणसाला मध्य दुरून धरता येतो हे आधी दिसावं, यात मला तरी नवल वाटत नाही.

पंजाबचा मीर सुलतान खान याच देशी खेळातला. १९२८ साली अखिल भारतीय स्पर्धा जिंकून मालकाबरोबर, सर उमर हयात खानांबरोबर, तो विलायतेला गेला आणि १९२९, १९३२, १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदं घेऊन आला. हेस्टिंग्जला त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं, तेही पासष्ट खेळ्यांत. त्याची सुरुवात कच्ची असे, पण पुढे तो समोरच्याला दमवून मारी. परतल्यावर १९३५ साली आपल्या वि. का. खाडिलकरांशी तो दहा डावांचा सामना खेळला. खाडिलकरांच्या वाट्याला एक बरोबरी आली, बाकी नऊ डाव सुलतान खानाचे. फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, त्याला मानाचा ग्रँडमास्टर केलं २०२४ मध्ये, मरणानंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

नंतर आंतरराष्ट्रीय नियमच चालले. १९५१ साली अखिल भारतीय महासंघ झाला, १९५५ साली एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि तिच्या संयुक्त विजेत्यांत आपले रामचंद्र सप्रे होते. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी त्याआधीच मंडळ काढून पोरं घडवायला घेतली होती. हे सारं कृष्णाकाठी. वर्धा-वैनगंगेच्या दुआबात, आमच्या तालुक्यात, दोन घरांचं प्यादं फार उशिरा पोचलं. ते आणलं शालेय स्पर्धांनी, म्हणजे माझ्यासारख्या मास्तरांनी.

त्यावरून तंटे झाले. वर्गातला पोरगा घरी जाऊन आज्याशी खेळायला बसे, राजापुढचं प्यादं दोन घरं टाके, की आजा पट उधळी. एक म्हातारबुवा तर शाळेत आले. "मास्तर, एका घराचं प्यादं दोन घरं काऊन जाते जी? उद्या उंट सरळ चालवान!" मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि सात खेळ्यांचा एक डाव मांडला. फ्रान्सच्या लेगालच्या नावावर तो अडीचशे वर्षं चालत आला आहे.

दोन्ही राजांपुढची प्यादी दोन-दोन घरं येऊन मधे भिडली. पांढऱ्याने उंट काढला, काळ्याने वजिरापुढचं प्यादं एक घर सरकवून मधल्याला टेकू दिला. पांढऱ्याचा घोडा बाहेर आला, तसा काळ्याने उंट नेऊन त्या घोड्याला वजिराशी बांधून टाकलं. पांढऱ्याने दुसरा घोडा काढला. काळ्याने कडेला एक प्यादं उगाच हलवलं. इथेच तो मेला. पांढऱ्याने बांधलेला घोडा उचलला आणि मधलं प्यादं मारलं, वजीर उघडा टाकून. म्हातारबुवा ओरडलेच, "वजीर गेला ना बे!" काळ्याने वजीर घेतला. मग उंटाने राजाजवळचं प्यादं मारून शह. राजाला एकच घर होतं, तो तिथे सरकला. दुसरा घोडा उडून पटाच्या मधोमध बसला. मात. दोन घोडे शेजारी-शेजारी, माझ्या आजोबांच्या पटावर फुल्या असत त्याच घरांत, मागे एक उंट, आणि वजिराचा पत्ता नाही.

त्यांनी डाव मोडू दिला नाही. राजाचं एकेक घर बोटाने चाचपून पाहिलं. मग म्हणाले, "एकेक घर चाललं असतं तर हे झालं नसतं." अगदी बरोबर बोलले. घोड्याने मारलं ते प्यादं पहिल्याच खेळीला तिथे पोचलं होतं, म्हणून हा डाव सातात संपला. नातवाशी ते पुढेही जुन्याच नियमांनी खेळत राहिले. नातू मात्र तालुक्याला नवीन नियमांनी जिंकून आला.

आता पोरं मोबाइलवर शिकतात. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक घेतला. एकोणीस वर्षांची पोरगी, त्या विजयाने ग्रँडमास्टरही झाली. त्यानंतर आमच्या शाळेतून पट मागणाऱ्यांत मुली जास्त आहेत. त्यांना देशी नियम सांगितले की बुर्जीवर त्या खो-खो हसतात. राजाची घोड्याची उडी मात्र आवडते. परवा एकीने विचारलं, किल्लेकोट काढून ती उडी परत नाही का आणता येणार? मी म्हटलं, फिडेला पत्र लिही. तिने पत्ता विचारला.