‘स्पिल ओव्हर’ म्हणजे काय? धरण भरलं, धरण फुटलं आणि युद्ध पसरलं यातला फरक समजून घ्या

बातमी युद्धाची असो, शेअर बाजाराची किंवा एखाद्या विषाणूची, इंग्रजी मथळ्यांत ‘स्पिल ओव्हर’ हे क्रियापद अनेकदा दिसतं. ‘स्पिल’ म्हणजे सांडणं. पण युद्ध कसं ‘सांडेल’?

मूळ अर्थ

भांड्यात मावेनासं झालं की पाणी काठावरून बाहेर येतं, म्हणजेच ‘स्पिल ओव्हर’ होतं. मराठीत त्याला ओसंडणं म्हणतात. धरणातलं जादा पाणी जिथून बाहेर पडतं त्याला इंग्रजीत ‘स्पिलवे’ आणि मराठीत ‘सांडवा’ म्हणतात. दोन्हीकडे कल्पना एकच, सांडण्याची.

बातमीतला अर्थ

एका ठिकाणची गोष्ट तिथेच न थांबता दुसरीकडे पसरणं. पुढे बहुतेकदा ‘इन्टू’ येतं. ‘द कॉन्फ्लिक्ट स्पिल्ड ओव्हर इन्टू नेबरिंग कंट्रीज’ म्हणजे संघर्षाचं लोण शेजारच्या देशांत पोहोचलं. इथे ‘सांडलं’ नको. लोण पसरणं किंवा झळ बसणं हे मराठीत नेमकं बसतं.

नाम म्हणून

‘स्पिलओव्हर’ हा जोडशब्द विज्ञानातही आहे. प्राण्यांमधला विषाणू माणसात शिरला की त्याला स्पिलओव्हर म्हणतात. १९९८-९९ मध्ये मलेशियात निपाह विषाणू डुकरांमधून माणसांत आला, हे त्याचं उदाहरण.

इथे गल्लत होते

• बॉइल ओव्हर: उतू जाणं. दूध उतू जातं, तसाच रागाचा कडेलोट होतो.
• ब्रिम ओव्हर: काठोकाठ भरून वाहणं. आनंद, उत्साह यांसाठी वापरतात.
• स्पिल द बीन्स: गुपित फोडणं. ‘स्पिल द टी’ म्हणजे आतली खबर सांगणं. या दोन्हींत ‘ओव्हर’ नसतं.

फॉरवर्ड करण्याआधी

पावसाळ्यात ‘डॅम इज स्पिलिंग ओव्हर’ असा मेसेज आला, तर त्याचा अर्थ ‘धरण फुटलं’ असा होत नाही. फुटण्यासाठी इंग्रजीत ‘बर्स्ट’ किंवा ‘ब्रीच’ हे शब्द आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं आणि पुण्यात हाहाकार उडाला. धरण भरून सांडव्यावरून पाणी वाहणं ही वेगळी गोष्ट. तेव्हाही नदीकाठच्यांनी सावध राहायलाच हवं, पण चुकीच्या एका शब्दाने अख्ख्या गावात घबराट पसरू शकते. त्यामुळे आधी अर्थ तपासा, मग प्रशासनाची सूचना पाहा आणि त्यानंतरच मेसेज पुढे पाठवा.