रेल्वे, खरेदीखत आणि शेजार : शेकर हाइट्स या उपनगराची जडणघडण

अमेरिकेतील उपनगरांचा इतिहास बहुधा मोटारगाडीच्या अनुषंगाने सांगितला जातो. ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहराच्या पूर्वेस वसलेले शेकर हाइट्स हे उपनगर मात्र प्रथम रेल्वेने घडविले, आणि त्याहूनही अधिक खरेदीखतातील अटींनी. सुबत्ता, नावाजलेल्या शाळा, दाट सावलीचे रस्ते आणि मुलाबाळांसाठी निर्धोक परिसर ही या गावाची ख्याती. ती कोणाला बाहेर ठेवून निर्माण झाली आणि पुढे दार उघडण्याची वेळ आली तेव्हा रहिवाशांनी काय केले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या भूमीवर १८२२ मध्ये शेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाने आपली वसाहत स्थापन केली होती. ब्रह्मचर्य हा पंथाचा मूलभूत नियम असल्याने वसाहत उत्तरोत्तर रोडावत गेली आणि १८८९ मध्ये ती बंद झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ओरिस व मॅन्टिस व्हॅन स्वेरिंजन या बंधूंनी येथील जमिनी घेण्यास प्रारंभ केला. हे बंधूही आजन्म अविवाहित राहिले. ब्रह्मचाऱ्यांनी सोडलेल्या भूमीवर दोन अविवाहित भावांनी कुटुंबवत्सल गृहस्थांचे गाव उभारावे, हा योगायोग नोंद घेण्याजोगा आहे.

सुखवस्तू नोकरदार शहरापासून बारा-तेरा किलोमीटर दूर राहावयास येईल, पण कचेरीत वेळेवर पोचण्याची हमी मिळाली तरच, हे या बंधूंनी ओळखले होते. लोहमार्गासाठी आवश्यक पट्टा मिळावा म्हणून त्यांनी १९१६ मध्ये निकेल प्लेट ही अख्खी रेल्वे कंपनीच विकत घेतली. ११ एप्रिल १९२० रोजी शेकर रॅपिड ही विजेवरील गाडी सुरू झाली. १९२० च्या जनगणनेत जेमतेम १,६१६ असलेली लोकसंख्या १९३० मध्ये १७,७८३ झाली. जमीन विकून नफा मिळवायचा आणि जमिनीला किंमत यावी म्हणून गाडी चालवायची, असा हा व्यवहार होता. महामंदीत बंधूंचे आर्थिक साम्राज्य कोसळले आणि १९३५-३६ मध्ये दोघेही निवर्तले. त्यांची गाडी आणि त्यांचे नियम मात्र मागे राहिले.

हे नियम खरेदीखतातच नमूद केलेले असत. घराची वास्तुशैली इंग्रजी, फ्रेंच किंवा अमेरिकन वसाहतकालीन असावी, बांधकामाचा खर्च ठरावीक रकमेपेक्षा कमी नसावा, रस्त्यापासून अमुक अंतर सोडावे, अशा त्या अटी होत्या. १९२५ मध्ये एका कृष्णवर्णीय डॉक्टरने येथे घर घेतले असता त्या घरावर हल्ले झाले. त्याच सुमारास खरेदीखतांत एक नवी अट आली : घर पुन्हा विकावयाचे झाल्यास कंपनीची अथवा शेजारच्या घरमालकांची संमती घ्यावी. या अटीत वंशाचा वा धर्माचा उल्लेखही नव्हता. तथापि तिचा उपयोग कृष्णवर्णीय, ज्यू आणि कॅथलिक यांना दूर ठेवण्यासाठी झाला. वंशाधारित करार न्यायालयांमार्फत अंमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात दिला; परंतु ज्या करारात वंश हा शब्दच नाही, त्याला हात घालणे तितके सोपे नव्हते. सभ्य भाषेतील बहिष्कार उघड बहिष्कारापेक्षा दीर्घायुषी ठरतो, तो असा.

१९५० च्या दशकात क्लीव्हलंडच्या सीमेवरील लडलो या भागात कृष्णवर्णीय डॉक्टर, वकील, शिक्षक घरे घेऊ लागले. १९५६ च्या प्रारंभी एका कृष्णवर्णीय वकिलाच्या नव्या घराच्या गॅरेजमध्ये स्फोट घडविण्यात आला. अन्यत्र अशा घटनांनंतर गृहदलाल भीती घालीत, गोरे मिळेल त्या किमतीस घरे विकून निघून जात आणि काही वर्षांतच वस्ती पूर्ण बदले. लडलोत तसे झाले नाही. दोन्ही वर्णांचे शेजारी एकमेकांच्या दिवाणखान्यांत जमू लागले आणि १९५७ मध्ये त्यांनी लडलो कम्युनिटी असोसिएशन स्थापन केली. मिश्र वस्तीत घर घेणाऱ्या गोऱ्या कुटुंबांना बँका कर्ज देण्यास नाखूष असत. तेव्हा रहिवाशांनी स्वतः निधी उभारून त्यांना दुय्यम कर्जे दिली. यात एक अडचणीची गोष्ट दडलेली होती. समतोल राखण्यासाठी केलेले साहाय्य गोऱ्यांना मिळत होते. कृष्णवर्णीय खरेदीदाराला त्याच रस्त्यावर दुसऱ्या घराचा शोध घेताना तितका उत्साही प्रतिसाद मिळत नसे. कोणी कोठे राहावे याचे नियोजन करण्याची व्हॅन स्वेरिंजन यांची सवय रहिवाशांनी सोडली नव्हती. तिचा हेतू तेवढा पालटला होता.

शाळांच्या बाबतीत गावाचे पाऊल अधिक मोकळे पडले. १९७० मध्ये मोरलँड शाळेतील कृष्णवर्णीय मुलांना बसने इतर शाळांत नेण्याची योजना पुढे आली. एकट्या त्याच मुलांनी हा भार का उचलावा, असा प्रश्न उपस्थित झाला आणि अनेक गोऱ्या पालकांनी स्वेच्छेने आपली मुले मोरलँडला पाठविली. न्यायालयाच्या आदेशाविना हे घडले, हे विशेष. उलट १९७६ मध्ये क्लीव्हलंडच्या कृष्णवर्णीय वस्तीकडे जाणाऱ्या काही रस्त्यांवर अडथळे उभारण्यात आले. कारण रहदारीचे सांगितले गेले. पलीकडच्यांना मात्र ती भिंतच वाटली.

एका छताखाली आलेली मुले एका वर्गात येतातच असे नाही. प्रगत अभ्यासक्रमाच्या वर्गांत बहुतांश गोरी मुले आणि सामान्य वर्गांत बहुतांश कृष्णवर्णीय, हे चित्र टिकून राहिले. कृष्णवर्णीय पालकांच्याच निमंत्रणावरून मानवशास्त्रज्ञ जॉन ओगबू यांनी येथे संशोधन केले व २००३ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांची अभ्यासविषयक अनास्था आणि पालकांचा शाळेतील अपुरा सहभाग यांवर त्यांनी भर दिला, त्यामुळे त्यांच्यावर कठोर टीकाही झाली. वर्गविभागणीच्या मूळ व्यवस्थेपेक्षा दोष कुटुंबांवर गेला, हा आक्षेप सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. २०२० मध्ये शाळा प्रशासनाने अनेक विषयांतील ही स्तरनिहाय विभागणी मोडून मुलांना एकाच वर्गात बसविण्यास प्रारंभ केला.