सेंट किल्डा : स्वतःच निरोप मागणारे बेट

१/५
२९ ऑगस्ट १९३०. स्कॉटलंडच्या पश्चिमेस, भर अटलांटिकमधील हिर्टा बेटावरचे अखेरचे ३६ रहिवासी ‘हेअरबेल’ या नौदलाच्या जहाजातून निघाले. दोन सहस्रकांहून जुनी वस्ती त्या सकाळी संपली.

२/५
येथे शेती तुटपुंजी आणि समुद्र खवळलेला. म्हणून पुरुष दोराच्या आधारे कडे उतरून फुलमार, गॅनेट, पफिन हे समुद्रपक्षी आणि त्यांची अंडी आणीत.

३/५
गावातून कोनाचेअर शिखराकडे चढताना उतारावर जागोजागी गवताच्या छपराच्या दगडी कोठ्या दिसतात. त्यांना ‘क्लीट’ म्हणतात. हिर्टावर त्या १,२०० हून अधिक आहेत. भिंतींच्या फटींतून खेळणारा वारा आतले मांस टिकवीत असे.

४/५
या लोकांना कोणी हुसकावले नव्हते. १८५२ मध्ये ३६ जण ऑस्ट्रेलियास निघाले. नवजात अर्भके धनुर्वाताने दगावत राहिली. पुढे तरुणही बाहेर पडले. कडे उतरणारे हातच उरले नाहीत, तेव्हा मे १९३० मध्ये बेटवासीयांनी स्वतःच सरकारकडे स्थलांतरासाठी अर्ज केला.

५/५
निघताना घरोघरी उघडे बायबल आणि ओटची लहानशी रास ठेवली होती, असे सांगतात. आज हे जागतिक वारसास्थळ आहे. त्या ओस गल्लीतून चालताना वाऱ्या-वादळाइतकाच तो अर्जही आठवावा. ‘आता पुरे’ हा निर्णयही इतिहास घडवतो.