सारिका काळे

सारिका सुधाकर काळे या भारतीय खो-खोपटू आणि भारतीय महिला खो-खो संघाच्या माजी कर्णधार आहेत. त्या महाराष्ट्रातील धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) येथील असून २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्काराने सन्मानित करण्यात आले. भारतीय संघाकडून खेळताना २०१६ हे वर्ष त्यांच्या कारकिर्दीतील सर्वाधिक यशाचे ठरले.

== प्रारंभिक जीवन ==
काळे यांनी वयाच्या तेराव्या वर्षी खो-खो खेळण्यास सुरुवात केली. त्यांचे काका स्वतः हा खेळ खेळत. त्यांनीच त्यांना मैदानावर आणले. आई शिवणकाम व इतर घरकामे करून कुटुंबाला हातभार लावत असे. घरची परिस्थिती इतकी बिकट होती की जवळजवळ दहा वर्षे दिवसातून एकदाच जेवण मिळत असे, असे त्यांनी एका मुलाखतीत सांगितले आहे. खेळाडूला साजेसा आहार त्यांना शिबिरात किंवा स्पर्धेला गेल्यावरच मिळे. त्यांना चंद्रजित जाधव यांचे प्रशिक्षण लाभले.

== भारतीय संघातील कारकीर्द ==
फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटी व शिलाँग येथे बाराव्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. या स्पर्धांत खो-खोचा प्रथमच समावेश झाला होता. काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने अंतिम सामन्यात बांगलादेशाला नमवून सुवर्णपदक पटकावले. त्याच वर्षी इंदूर येथे झालेल्या तिसऱ्या आशियाई खो-खो अजिंक्यपद स्पर्धेतही भारतीय महिला संघ विजयी झाला व काळे स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरल्या.

खो-खोत खेळाडूची कामगिरी दोन अंगांनी मोजली जाते: संरक्षण करताना त्याने किती मिनिटे पळती दिली आणि आक्रमणात किती गडी बाद केले. मात्र क्रिकेटप्रमाणे संपूर्ण कारकिर्दीची आकडेवारी या खेळात सहसा जपली जात नाही. त्यामुळे काळे यांच्या या वर्षाचे मोल धावफलकापेक्षा विजेतेपदे आणि कर्णधारपद यांवरूनच जोखावे लागते.

या यशाने घरची ओढाताण मात्र संपली नाही. आर्थिक अडचणींमुळे २०१६ मध्येच त्यांनी खेळ सोडण्याचे ठरवले होते. त्या खोलीत कोंडून घेऊन बसल्याचे आजीने जाधव यांच्या कानावर घातले. प्रशिक्षकांनी समजूत काढल्यानंतर त्या पुन्हा मैदानात उतरल्या; हाच त्यांच्या आयुष्यातील निर्णायक क्षण ठरला. २०१९ मध्ये क्रीडा अधिकारी म्हणून शासकीय नोकरी मिळाल्यावर त्यांना आर्थिक स्थैर्य लाभले. २०२० साली त्या धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर येथे कार्यरत होत्या.

== अर्जुन पुरस्कार ==
खो-खोसाठी यापूर्वीचा अर्जुन पुरस्कार १९९८ सालचा, शोभा नारायण यांना मिळालेला होता. म्हणजे काळे यांच्या रूपाने तब्बल २२ वर्षांनी हा सन्मान या खेळाकडे आला. कोविड-१९ साथीमुळे २९ ऑगस्ट २०२० रोजीचा सोहळा दूरदृश्य प्रणालीद्वारे पार पडला. अर्जुन पुरस्काराची रक्कम त्याच वर्षी ५ लाखांवरून १५ लाख रुपये करण्यात आली होती. त्यांच्यानंतर २०२३ सालच्या पुरस्कारासाठी नसरीन शेख यांची निवड झाली. त्याही भारतीय महिला संघाच्या कर्णधार राहिल्या आहेत.