चौकोनी पाहुणा : एका टँकचे शेवटचे बारा तास

खाऱ्या पाण्यातलं मत्स्यालय एका रात्रीत संपू शकतं, हे ज्यांनी ते कधी ठेवलेलं नाही त्यांना पटत नाही. ज्यांनी ठेवलंय ते हा विषय सहसा काढत नाहीत. खालचा घटनाक्रम कुठल्या एका घरातला नाही. या छंदात वारंवार घडणाऱ्या गोष्टी एका टँकमध्ये आणि एका रात्रीत बसवल्या आहेत. माशांचे स्वभाव आणि विषाचं रसायन मात्र जसंच्या तसं आहे. घर न्यू जर्सीतलं, मराठी माणसाचं. भारतात दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसतात, त्यामुळे दिवाणखान्यात प्रवाळ वाढवण्याचा छंद आपल्याकडे सरळ मार्गाने करणं अवघड. तिकडे ते दुकानात तुकड्याच्या भावाने मिळतात.

टँक ७५ गॅलनचा, म्हणजे साधारण २८४ लिटर. लांबी चार फूट. आपत्तीची वेळ : रविवारी पहाटे अडीच.

आठ महिने आधी

तास मोजायला लागण्याआधी इथे थांबायला हवं, कारण खरा निर्णय इथेच झालेला आहे.

नव्या टँकमध्ये जिवाणूंची वस्ती तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो. हे जिवाणू माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. तोवर पाणी विषारी असतं. जुन्या पद्धतीत या काळात एखादा चिवट, स्वस्त मासा सोडत. आता बाटलीतला अमोनिया घालून हेच काम मासा न छळता होतं, पण जुनी सवय जात नाही. यजमानांनी तीन डोमिनो डॅमसेल आणले. काळे, दोन्ही कुशींवर आणि कपाळावर पांढरा ठिपका, बोटाच्या पेराएवढे. अमोनिया त्यांनी पचवला. मग त्यांतल्या एकाने उरलेले दोघे पचवले.

समुद्रात डोमिनोची पिल्लं समुद्रफुलांच्या आसऱ्याने राहतात. मोठी झाल्यावर पांगतात, चिडली तर समोरच्याला पळायला अख्खा खडक असतो. टँकमध्ये पळणारा चार फुटांवर काचेला आपटतो आणि वळून परत त्याच डोमिनोसमोर येतो. पूर्ण वाढलेला डोमिनो तळहाताच्या लांबीचा होतो. आठ महिन्यांत याचे ठिपके फिकट झाले आणि सातबारा त्याच्या नावावर झाला.

मग एकेक करून बाकीचे आले : क्लाउनफिशची जोडी, सिक्सलाइन रॅस, मँडरिन, फायरफिश, सफाई करणारी कोळंबी. प्रत्येक खरेदीच्या वेळी यजमानांनी तक्ता पाहिला होता. या छंदात जुळणीचे तक्ते असतात, आडवे मासे, उभे मासे, मध्ये हिरवे-पिवळे-लाल चौकोन. तक्ता दोन जातींचं जमेल का ते सांगतो. आधी कोण आला, कोण किती महिने ठाण मांडून बसलाय, हे त्यात नसतं. अनुभवी लोक म्हणूनच भित्रा मासा सगळ्यात आधी सोडतात आणि दांडगा सगळ्यात शेवटी. इथे क्रम बरोबर उलटा झाला होता.

खुणा दिसत होत्या. फायरफिश हा बिचकला की वर उडी मारणारा मासा. तीन आठवड्यांपूर्वी तो सोफ्यामागे गालिचावर वाळलेला सापडला. वहिनी, म्हणजे यजमानांच्या पत्नी, म्हणाल्या, झाकण का नाही? झाकण आलं. त्याला उडी मारायला कोणी लावली, हे कोणी विचारलं नाही. मँडरिनचं पोट आत गेलं होतं. त्याचा आहार म्हणजे दगडांवर फिरणारे कोपेपॉड, डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीव, आणि ते तो दिवसभर एकेक टिपून खातो. नेमके तेच सिक्सलाइनही दिवसभर टिपतो, दुप्पट वेगाने. दोघांत एकदाही मारामारी झाली नाही. तक्त्यात त्यांचा चौकोन हिरवाच असेल. जुळत नसलेल्या माशांपैकी एक नेहमी फाटलेल्या परांनी मरतो असं नाही. शेजाऱ्याने ताट रिकामं केल्यानेही मरतो, आणि मालक मात्र पाण्याची चाचणी करत बसतो.

शनिवार, दुपारी २:३० : १२ तास बाकी

दुकानात पिवळा बॉक्सफिश. लिंबासारखा पिवळाधमक, काळे ठिपके, आकाराने खरोखर खोका. त्याच्या अंगावरच्या हाडांच्या षटकोनी तकट्या एकमेकींना जोडून पेटी झालेली असते. बाहेर फक्त पर, शेपटी, डोळे आणि चुंबन घ्यायला निघाल्यासारखं तोंड. २००५ साली मर्सिडीजने याच्या आकारावरून एक प्रायोगिक मोटार काढली होती. हा आकार पाण्यात माशाला स्थिर ठेवतो, असा तेव्हाचा समज. पुढच्या संशोधनात उलट निघालं, तो त्याला अस्थिर करतो. वळायला सोपा, सरळ पळायला नालायक. हा तपशील रात्री कामाला येणार आहे.

पाटीवर ‘रीफ सेफ, विथ कॉशन’. कॉशन कशाबद्दल ते पाटीवर मावत नाही. यजमान विचारतात, प्रवाळ खातो का? विक्रेता सांगतो, एखादा नळीतला किडा कुरतडेल, बाकी गरीब आहे. उत्तर खोटं नाही. मासा पुढे दीड फुटाच्या जवळ जातो, हेही विक्रेता सांगतो. यजमान म्हणतात, तेव्हाचं तेव्हा पाहू. रात्री हा झोपणार कुठे, हा प्रश्न मात्र दोघांपैकी कोणालाच सुचत नाही.

दुपारी ४ : साडेदहा तास बाकी

पिशवी टँकपेक्षा खाली, बादलीत ठेवलीय. पातळ नळीतून टँकचं पाणी थेंब थेंब पिशवीत पडतंय, जेणेकरून क्षार आणि तापमान हळूहळू सारखं व्हावं. हे काम यजमान मन लावून करतात. घनता १.०२५, तापमान २६ अंश. पाण्याशी जुळवून घ्यायला मिळालेला हा तासभर. शेजाऱ्यांशी जुळवून घ्यायला एक मिनिटही नाही. वेगळ्या टाकीत दोन-तीन आठवडे ठेवायला हवं होतं, किंवा निदान जाळीच्या पेटीत, म्हणजे सगळ्यांनी एकमेकांना नुसतं पाहिलं असतं.

संध्याकाळी ५:१५ : सव्वानऊ तास बाकी

सोडल्यावर चाळीस सेकंदांत डोमिनो येतो. चावत नाही, ढोसतो. बॉक्सफिश वळतो. पुन्हा ढोसतो. दगडाच्या ज्या ज्या कपारीकडे पाहुणा जातो, तिथे डोमिनो आधी पोचलेला. वहिनी म्हणतात, खेळतायत.

दिवे बंद करून दगडांची मांडणी बदलली असती तर सगळ्यांच्याच हद्दी पुसल्या गेल्या असत्या आणि डोमिनोही तासभर गोंधळला असता. हा जुना आणि बऱ्यापैकी चालणारा उपाय आहे. पण दगडांवर प्रवाळ चिकटवलेले, आणि साडेसातला माणसं जेवायला येणार.

रात्री ८ : साडेसहा तास बाकी

पावभाजी. पाच पोरं काचेला नाकं लावून. ‘काका, हा मासा चौकोनी कसा?’ एक जण टकटक करतो, मग सगळेच. काचेवरची टिचकी पाण्यात धक्क्यासारखी पोचते. बॉक्सफिशचा पिवळा रंग मळका दिसू लागलाय. यजमान पोरांना दूर करतात, पण प्रेमाने, म्हणजे पोरं पाच मिनिटांत परत येतात.

खाली कपाटात टँकची दुसरी टाकी आहे. तिच्यात सक्रिय कार्बनची पिशवी असायची. पाण्यातली सेंद्रिय द्रव्यं शोषून घेणं हे तिचं काम. जुनी संपली म्हणून गुरुवारी काढली. नवं पाकीट सिंकखाली आहे, रविवारी टाकायचंय.

रात्री १०:३० : ४ तास बाकी

दिवे मंदावतात. प्रत्येक जण आपल्या जागी जातो. क्लाउनची जोडी नेहमीच्या कोपऱ्यात. सिक्सलाइन दगडाच्या भोकात शिरून अंगाभोवती चिकट कोश विणतो. रोज रात्री विणतो. डोमिनो मधल्या कमानीखाली. मँडरिन वाळूवर, जिथे असेल तिथे.

एकाच माशाला जागा नाही. तो काचेच्या उजव्या कोपऱ्यात, पाणी फिरवणाऱ्या पंपाजवळ, कारण दिवसभरात तेवढ्याच जागेवर डोमिनोने हक्क सांगितला नाही. तिथला प्रवाह बाकी कोणालाच नको असतो.

रात्री १२:३० : २ तास बाकी

अंधारात टँक श्वास घेतो आणि काही परत देत नाही. दिवसा प्रवाळांतलं शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेही घेणाऱ्यांत जमा. पाण्याचा सामूही थोडा उतरतो. या तापमानाला खाऱ्या पाण्यात लिटरमागे सात मिलिग्रॅमही प्राणवायू मावत नाही, त्यातून सगळ्यांचं भागतं. रोजचंच आहे, यात घाबरण्यासारखं काही नाही. पण कल्ल्यांना आज काही झालं, तर त्यांच्या हाताशी शिल्लक फार थोडी आहे.

पहाटे १:४५ : ४५ मिनिटं बाकी

बॉक्सफिशची शेपूट पंपाच्या जाळीला लागते. खेचली जाते. सरळ रेषेत जोर लावण्यासाठी हे शरीर बनलेलं नाही. तो सुटतो, पुन्हा लागतो.

हवाईत मत्स्यशास्त्रज्ञ व्हर्नन ब्रॉक यांनी १९५६ मध्ये लिहून ठेवलं होतं की बॉक्सफिशबरोबर ठेवलेले मासे मरतात, बहुधा तो पाण्यात काही सोडत असावा. १९६४ मध्ये डोनाल्ड थॉमसन यांनी ते ताणाखाली कातडीतून येणारं विष असल्याचं दाखवलं. १९६७ मध्ये हवाई विद्यापीठातल्या बॉयलन आणि श्यूअर यांनी त्याची रचना शोधली आणि त्याला पाहुटॉक्सिन नाव दिलं. रेणूचं एक टोक तेलाकडे ओढणारं, दुसरं पाण्याकडे, थोडक्यात साबणासारखा. साबण ताटावरचं तूप सोडवतो तसा हा पेशींच्या आवरणातला स्निग्धांश विस्कटतो. आणि माशाच्या शरीरात सगळ्यात पातळ आवरणाच्या, थेट पाण्याला भिडलेल्या पेशी कल्ल्यांत असतात. खुल्या समुद्रात याचा उपयोग सरळ आहे : मोठ्या माशाने तोंडात धरलं, तर तो थुंकून देतो आणि विष लाटेबरोबर वाहून जातं. मोकळ्या पाण्यात हे सुटकेचं साधन आहे. २८४ लिटरांत तेच पाणी दर काही मिनिटांनी पंपातून फिरून परत येतं.

पहाटे २:३०

हालचाल बॉक्सफिशपासून सुरू होत नाही. आधी क्लाउनची मादी कोपरा सोडून वर येते. मग डोमिनो, तोंड पृष्ठभागाला लावून, कल्ले भराभर हलवत. आठ महिन्यांत पहिल्यांदा कमान रिकामी आहे आणि तिथे जायला कोणी नाही. मँडरिन वाळूवर आडवा. सिक्सलाइनचा कोश पातळ. पाणी त्यातून आरपार जातं. स्वतः बॉक्सफिशही यातून सुटत नाही, हे विष त्याच्या कल्ल्यांनाही लागतं.

दर वेळी असं होतं का? नाही. कित्येक बॉक्सफिश वर्षानुवर्षं शांत टँकमध्ये राहतात, हातातून खातात, मरतात ते म्हातारे होऊन. काही आजारी पडून मरतात आणि एक थेंबही सोडत नाहीत. मला वाटतं, या माशाबद्दलची सगळ्यात वाईट गोष्ट हीच आहे. दहा जणांचं काही बिघडलेलं नसतं, आणि अकरावा दुकानात त्या दहांचा दाखला ऐकून पाकीट काढतो.

सकाळी ६:२० : नंतर

यजमान पाणी प्यायला उठतात. सहाच्या सहा मासे गेलेले. कोळंबी दगडावर मिशा हलवत चाललीय, प्रवाळ आकसलेले पण रंग टिकून. विषाने मुख्य घाव माशांच्या कल्ल्यांवर घातलाय. आता दुसरा धोका म्हणजे सडणारे मासे आणि त्यांतून येणारा अमोनिया. सापडतील तेवढे काढायचे. सिक्सलाइन दगडाच्या पोटात आहे, तो दगड फोडल्याशिवाय निघणार नाही. नवा कार्बन, तोही दुप्पट. अर्धं पाणी आज बदलायचं, अर्धं उद्या. मिठाचं पाणी तयार नसेल तर कोळंबी बादलीत, हवेच्या दगडासह.

सकाळी १०

वहिनी वहीत यादी करतात, त्यांच्याच अक्षरात. फायरफिश, जोडीने, सगळ्यात आधी, झाकण घालून. मग दीड-दोन महिने काही नाही. मग क्लाउन. मँडरिन वर्षानंतर, दगडांवर कोपेपॉड भरपूर दिसले तर, आणि तो यायचा असेल तर सिक्सलाइन कधीच नाही. डोमिनोपुढे त्यांनी काही लिहिलेलं नाही. यजमान विचारतात, आणि पिवळा? त्या म्हणतात, किती फुटांचा होतो म्हणालास?