सीडीवरच्या नावाची कुळकथा

पुण्याची मंडई १८८६ साली उभी राहिली, तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत एमिल बर्लिनर यांनी ग्रामोफोनचं पेटंट घेतलं आणि आवाज सपाट तबकडीवर बसू लागला. शतकभरानंतर त्याच तबकडीच्या वंशातल्या कोऱ्या सीडी मंडईपासून चालत जाण्याच्या अंतरावर, बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत चळतीने विकल्या जाऊ लागल्या. नोएडाच्या मोझर बेअरने १९९९ मध्ये त्या भारतातच बनवायला घेतल्यावर त्या घरोघरी पोचल्या. लग्नाचं शूटिंग, शाळेचं गॅदरिंग, मंडळाचा देखावा, आजोबांची एकसष्टी, सगळं सीडीवर 'राइट' होऊ लागलं. मग पुढचा प्रश्न आला: वर नाव कसं घालायचं?

बर्लिनर यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर नाव मध्यभागी कोरलेलं असे. कागदी लेबल आणलं एल्ड्रिज जॉन्सन यांनी, १९०० मध्ये. पुढे ते डिंकाने लावायचीही गरज उरली नाही. रेकॉर्ड साच्यात दाबतानाच उष्णतेने कागद तिच्यात पक्का बसे, म्हणून जुन्या रेकॉर्डचं लेबल सहजी निघत नाही. शिवाय ते बसतं मधल्या वर्तुळात, जिथे गाण्याची रेघ पोचतच नाही. नाव एका जागी, गाणं दुसऱ्या जागी.

फिलिप्स आणि सोनी यांनी १९८२ मध्ये बाजारात आणलेल्या सीडीने ही सोय मोडली. सीडीची जाडी १.२ मिलिमीटर, आणि त्यातलं जवळजवळ सगळं पारदर्शक प्लास्टिक. लेसर खालून, त्या प्लास्टिकमधून वाचतो. म्हणून आपण चकचकीत बाजूला बोट लागू देत नाही आणि नावाची बाजू बिनधास्त टेबलावर घासू देतो. खरं तर उलटं करायला हवं. माहितीचा थर वरच्या बाजूला आहे. त्याच्यावर चंदेरी धातूचा पातळ पापुद्रा आणि केसाहूनही बारीक वॉर्निशचा थर, एवढंच संरक्षण. खालचा ओरखडा पुष्कळदा पॉलिश करून घालवता येतो. वरचा खोल ओरखडा थेट माहिती खरवडून नेतो. अशी सीडी दिव्यासमोर धरली की तिथून उजेडाचा ठिपका आरपार दिसतो. घरी राइट करायच्या सीडीत, जी जपानच्या तैयो युदेनने १९८८ मध्ये विकसित केली, धातूखाली रंगद्रव्याचा थर असतो. तो ऊन आणि रसायनं दोन्हींना हळवा. नाव घालण्याच्या सगळ्या घरगुती पद्धती या नाजूक छपरावरच काम करतात.

पहिली पद्धत पेनाची. बॉलपेनचं टोक दाबलं तर वॉर्निश दबतं. काही मार्करमधलं तीव्र द्रावण थरांपर्यंत झिरपू शकतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेसाठी फ्रेड बायर्स यांनी २००३ मध्ये सीडी-डीव्हीडी सांभाळण्याची मार्गदर्शिका लिहिली. तिचा भर मऊ टोकाच्या, पाण्यावर आधारित शाईच्या पेनावर आहे. भोकाभोवतीच्या पारदर्शक कड्यावर लिहिणं सगळ्यात सुरक्षित, कारण तिथे माहिती नसते. रेकॉर्डच्या लेबलाची जुनी शहाणी जागा ती हीच.

दुसरी पद्धत गोल स्टिकरची. एका ए-४ कागदावर दोन स्टिकर छापायचे, सोलायचे आणि मधोमध बसवायचे. दिसायला देखणं, पण जरा तिरकं बसलं की मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये सीडी थरथरते. गोंद सुकला की कडा सुटतात, आणि काढायला गेलं तर चंदेरी पापुद्राही सोबत येतो. डीव्हीडीत माहिती ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये असल्याने ती पेनापासून वाचते, पण स्टिकरच्या ताणाने चकती वाकली की वाचन अडतं.

तिसरी लेसरची. एचपीने २००४ मध्ये जाहीर केलेल्या लाइटस्क्राइबमध्ये राइट झालेली सीडी उलटी घालायची. तोच लेसर वरच्या खास लेपावर चित्र उमटवी. गोंद नाही, शाई नाही. पण खास सीडी हवी, खास ड्राइव्ह हवा, पूर्ण चित्राला वीस-तीस मिनिटं द्यायची, रंग एकच, आणि उन्हात तोही फिका पडायचा. यामाहा आणि फुजीफिल्म यांचं लेबलफ्लॅश २००५ मध्ये याच वाटेने आलं. दोन्ही मागे पडली.

चौथी इंकजेटची: पांढऱ्या लेपाची 'प्रिंटेबल' सीडी ट्रेमध्ये ठेवून प्रिंटरमध्ये सरकवायची. लेप शाई शोषतो, वजन वाढत नाही, फोटो रंगीत येतो. ओल्या बोटाने साधी शाई पसरते, म्हणून पुण्याच्या पावसाळ्यात प्रिंट नीट वाळू द्यावी लागे. तरी घरासाठी ही पद्धत माझ्या मते सगळ्यांत सरस. हिचा वंश चालूही राहिला. एप्सनच्या एल-८०० सारख्या प्रिंटरमधल्या सीडीच्या वाटेनेच पुढे दुकानदारांनी पीव्हीसी ओळखपत्रं छापली.

आता बहुतेक लॅपटॉपमध्ये ड्राइव्हच नसतो, आणि घरच्या सीडी पेनड्राइव्हवर उतरवून घेण्याची हीच वेळ आहे. उतरवताना नुसती फाइल घेऊ नका. व्हिडिओ सीडीतल्या फाइलचं नाव बहुधा 'एव्हीएसईक्यू०१' असलंच काहीतरी असतं. लग्न कोणाचं, साल कोणतं, हे सांगणारा मजकूर फक्त सीडीच्या माथ्यावर आहे. प्रत्येक सीडीचा मोबाइलवर फोटो काढा, तो त्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि फोल्डरला लेबलावरचं नाव द्या.